डायव्हिंग आणि ट्रेक, दोन्हीसाठी एकच स्मार्टवॉच घ्यावं का? (मालवण परिसर)

भूगोलवाली_कुडाळ

नमस्कार मंडळी. मी कुडाळला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. तारकर्लीला ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स केलाय, त्यामुळे सीझनमध्ये रविवार मोकळा मिळाला की मालवणात पाण्यात असते. पाऊस लागला की डायव्हिंग बंद, मग आमचा ग्रुप रांगणा, मनोहर-मनसंतोष असं काहीतरी काढतो.

आजवर गाइडच्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली-वेळ सांगणारं यंत्र) बघूनच खाली राहिले. आता स्वतःचं घड्याळ हवंय. नणंदेचे यजमान मस्कतला असतात, ते गणपतीला येताना आणतो म्हणालेत, म्हणजे ठरवायला फार वेळ नाही. गार्मिन डिसेंट जी१, सुंटो ओशन आणि ॲपल वॉच अल्ट्रा ही तीन नावं डोक्यात आहेत. जाहिराती वाचल्या तर तिन्ही सगळंच करतात. मला हे कळून घ्यायचंय की आपल्या पाण्यात, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर, देवबागला, फार तर निवती रॉकला, यातलं खरंच काय उपयोगी पडतं. शिवाय माझ्या आत्ताच्या फिटनेस बँडवर ५० मीटर लिहिलंय आणि आमच्या स्टाफरूममध्ये एकाचं ठाम मत आहे की तेवढं पुरे. पुरे आहे का?

एवढा खर्च मी वारंवार करू शकत नाही, म्हणून ज्यांनी ही घड्याळं पाण्यात वापरलीत त्यांनी सविस्तर सांगावं.

देवबागचा_पाणबुड्या

ताई, आधी त्या ५० मीटरचं सांगतो, कारण दर सीझनला कोणीतरी तसला बँड बांधून होडीत चढतो. तो आकडा स्थिर दाबाखाली केलेल्या चाचणीचा असतो. पोहायला, पावसात भिजायला बँड ठीक आहे. पण तो तुम्हाला खोली दाखवत नाही, वर किती वेगाने येताय ते सांगत नाही, आणि सिलिंडर लावून ५० मीटर जा असा त्याचा अर्थ मुळीच नाही. डायव्हिंगच्या घड्याळांचं मानक वेगळं आहे, आयएसओ ६४२५. खोली आणि वेळ मोजणाऱ्या उपकरणांसाठी ईएन १३३१९ आहे. तुमच्या यादीतल्या तिन्ही घड्याळांत खोली मोजणारा दाबाचा सेन्सर आहे, त्यामुळे त्या बाबतीत निश्चिंत राहा.

आता आपल्या पाण्याचं. मी इथेच गाइड आहे, पाहुण्यांच्या हातावर तऱ्हतऱ्हेची घड्याळं बघतो. दुकानदार पहिल्यांदा सांगतो ते नो-डेको टाइम, म्हणजे किती मिनिटं खाली राहिलात तरी न थांबता थेट वर येता येईल. किल्ल्यासमोर आपण बहुतेक वेळा १० मीटरच्या आतच असतो. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलमध्ये १२ मीटरलासुद्धा ही मर्यादा १४७ मिनिटांची आहे. तोवर तुमचा सिलिंडर कधीच संपलेला असतो. १८ मीटरला तीच मर्यादा ५६ मिनिटांवर येते. १८ मीटर म्हणजे आमच्या हिशेबात दहा वाव पाणी, आणि तुमच्या ओपन वॉटरची हद्दही तीच. म्हणजे निवती रॉकला या आकड्याकडे लक्ष ठेवायचं. पुढेमागे ॲडव्हान्स्ड कोर्स करून अँग्रिया बँकला, म्हणजे भर समुद्रातल्या बुडालेल्या प्रवाळाच्या पठारावर गेलात, तर तिथे त्या प्रवाळाचा माथाच मुळी २० मीटरच्या आसपास आहे. तिथे तो आकडा जिवाशी गाठ घालणारा. मालवणात तो एका कोपऱ्यात दिसला तरी चालेल.

मालवणात जीव सांभाळतो तो वर येण्याचा वेग दाखवणारा पट्टा. लोकांना वाटतं खोल गेलं की धोका. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना छातीतली हवा दुप्पट होते. ३० वरून २० वर येताना ती जेमतेम सव्वापटीच्या थोडी वर जाते. म्हणून उथळ पाण्यातच नवीन माणूस श्वास रोखून घाईने वर आला तर फुप्फुसाला इजा होते. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेग वाढला की घड्याळाने सांगितलं पाहिजे, तेही मनगटावर थरथरून. नुसत्या बीपवर भरवसा नको. पाण्यात आवाज कुठून येतोय ते कळत नाही आणि होडीचं इंजिन चालू असलं तर तो ऐकूही येत नाही.

यातली एक गोष्ट जाहिरातीत कुठेच नसते. किल्ल्याजवळच्या खडकांवर हेलकावा असतो. नांगराच्या दोरीला धरून तुम्ही ५ मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या तीन मिनिटांच्या थांब्याला थांबलात, हात दोरीवर घट्ट, तरी डोक्यावरून लाट गेली की घड्याळातला आकडा ४.६, ५.३, ४.७ असा नाचतो. घड्याळ दाब मोजतं, आणि दाब लाटेबरोबर बदलतोच. काही घड्याळं दर लाटेला वेगाची सूचना देत राहतात. मग माणूस कंटाळून सूचनाच बंद करतो आणि नेमकी गरज असते तेव्हा घड्याळ गप्प. त्या तीन मिनिटांची उलटी मोजणीही तुम्ही ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलात की थांबते. म्हणून हेलकावा असेल तर मी पाहुण्यांना ६ मीटरवर थांबवतो. घड्याळ कोणतंही घ्या, पहिल्या डाइव्हला हेलकाव्यात ते कसं वागतं ते मुद्दाम बघा.

दुसरी गोष्ट अक्षरांची. आपलं पाणी अंदमानसारखं नाही. चांगल्या दिवशी खडकाखालचा हेकरू मासा लांबून दिसतो, आणि कर्ली नदीच्या मुखातून गढूळ पाणी आलं की स्वतःची फिनसुद्धा दिसत नाही. त्या हिरवट अंधारात खोली आणि वेळ हे दोन आकडे एका नजरेत वाचता आले पाहिजेत. अल्ट्रा आणि सुंटो ओशनचे पडदे झळाळणारे आहेत, तिथे ते उजवे. जी१चा पडदा काळा-पांढरा, होडीतल्या उन्हात तो झकास दिसतो, पण खाली बॅकलाइट लागतो. डाइव्ह चालू असताना बॅकलाइट चालूच राहील अशी सेटिंग करून ठेवा.

बटणांचं म्हणाल तर पाण्यात टचस्क्रीन चालत नाही, म्हणून बटणं मोठी आणि कडक हवीत. गार्मिनला पाच बटणं आहेत, ती बघायची गरजच पडत नाही, बोटांना सवय होते. पट्टा लांब आहे का तेही पाहा. वेटसूटच्या बाहीवरून बांधावा लागतो, आणि खाली गेल्यावर वेटसूट दबून पातळ होतो, मग घड्याळ मनगटावर फिरायला लागतं. हृदयाचे ठोके वगैरे बाहीवरून मोजले जात नाहीत, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. सिलिंडरमधली हवा घड्याळावर बघायची असेल तर सुंटोला वेगळा टँक पॉड लावता येतो, जी१ला ती सोय नाही. गेज बघायची सवय पक्की होईपर्यंत तुम्हाला त्याची गरजही नाही.

ॲपलचं एक ध्यानात घ्या. ते ४० मीटरपर्यंत चालतं आणि हौशी डायव्हिंगला तेवढं भरपूर आहे, पण त्याचं स्वतःचं डेप्थ ॲप खोली, वेळ, तापमान एवढंच सांगतं. नो-डेको वगैरे हवं तर ओशनिक प्लस हे ॲप घ्यावं लागतं, आणि त्यातल्या कामाच्या भागाला पैसे भरावे लागतात. शिवाय आयफोन हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विमानाबद्दलचा नियम सगळ्यांना पाठ असतो, एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास उडायचं नाही. घड्याळावर त्याची उलटी मोजणी चालू होते, विमानाचं चित्र दिसतं. आमचे पाहुणे म्हणतात, आम्ही तर गाडीने चाललोय. कुठे? कोल्हापूर, बेळगाव, पुणे. म्हणजे आंबोली चढून! आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंच आहे, आणि हा नियम ६१० मीटरच्या वरच्या उंचीलाही लागू धरतात. डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनला तुम्ही विमानात आहात की घाटात, काही फरक पडत नाही. त्याला बाहेरचा दाब कमी झालेला कळतो. सकाळी दोन डाइव्ह, दुपारी माशाचं जेवण आणि संध्याकाळी घाट, हा बेत मी दर शनिवार-रविवारी बघतो आणि दर वेळी हात जोडून सांगतो की रात्र इथेच काढा, सकाळी उठून जा. मुंबईला महामार्गाने जाणाऱ्यांना एवढा उंच घाट लागत नाही. तुम्ही कुडाळच्या, तुम्हाला रोजची चिंता नाही. पण रविवारी डाइव्ह आणि सोमवारी पहाटे ग्रुपबरोबर आंबोली असला बेत तुमच्यासारख्या ट्रेकवाल्यांकडूनच होतो. घड्याळावरचं विमानाचं चित्र विझेपर्यंत घाट चढायचा नाही, एवढं माझ्यासाठी करा.

सह्यभटक्या

दादांनी पाण्याचं सांगितलंच. मी सावंतवाडीचा, डोंगराचं सांगतो.

रांगण्याच्या जंगलात पावसाळ्यात फोन बाहेर काढायची सोय नसते, तेव्हा मनगटावर नकाशा असला तर फार आधार वाटतो. इथे जी१ कमी पडतं, त्यात नकाशा नाही, नुसती चाललेल्या वाटेची रेघ दिसते. सुंटो ओशनमध्ये ऑफलाइन नकाशे आहेत. पावसात ओल्या बोटांनी टच नीट लागत नाही, त्यामुळे बटणांचा मुद्दा डोंगरावरही तेवढाच खरा.

उंची बॅरोमीटरवर मोजली जाते, आणि पावसाळ्यात हवेचा दाब भराभर बदलतो. पायथ्याच्या गावातून निघताना माहीत असलेली उंची घालून घ्या, नाहीतर मुक्काम केलात तर सकाळी घड्याळ म्हणेल की तुम्ही झोपेत डोंगर चढलात. बॅटरीत मात्र जी१ला तोड नाही, दोन मुक्कामांच्या ट्रेकला चार्जरची आठवणही येत नाही. अल्ट्राला दर एक-दीड दिवसाने चार्जिंग लागतं.

दांडीकार

ताई, घड्याळ खंयचाय घेवा, पण भरती-सुकती बघल्याशिवाय पाण्यात उतरू नकात.

आमच्या घरात मासेमारी पिढ्यान् पिढ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराचे पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी पुरी सुकती. घड्याळात भरती-ओहोटीचा तक्ता असेल तर तो या हिशेबाशी ताडून बघा. काही घड्याळं जवळच्या बंदराचा तक्ता दाखवतात आणि खाडीच्या तोंडाशी वेळ पुढेमागे होते. देवबागला सुकतीत खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडतं, तेव्हा कितीही महाग घड्याळ असो, खाली काही दिसत नाही. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत ओढ कमी असते, तेव्हा पाणी साफ मिळतं. सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा वारा) असताना उतरा, दुपारी खारा वारा सुटला की हेलकावा वाढतो.

भूगोलवाली_कुडाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटाचा मुद्दा वाचून मी गप्पच झाले, कारण आमच्या ग्रुपचा पुढचा बेत अगदी तसाच ठरत होता. आजच सगळ्यांना कळवलं, डाइव्ह आधीच्या आठवड्यात घेतली.

आयफोन माझ्याकडे नाही, म्हणून अल्ट्रा यादीतून काढते. दादा, आणखी एकच. इथल्या एका ओळखीच्यांकडे वापरलेलं डिसेंट जी१ निम्म्या किमतीत मिळतंय. घेऊ का? की साधा डाइव्ह कॉम्प्युटर घेऊन बाकीचे पैसे वाचवू?

देवबागचा_पाणबुड्या

वापरलेलं घ्यायला हरकत नाही, पण पैसे देण्याआधी घड्याळ माझ्याकडे घेऊन या. होडीवर शिसं बांधलेली दोरी आहे, तिला दर मीटरला गाठ मारलेली आहे. तिच्यावर घड्याळ बांधून खाली सोडू. पाच आणि दहाच्या गाठीला किती नोंदलं ते वर आल्यावर लॉगमध्ये दिसेल. समुद्राच्या सेटिंगवर असलं पाहिजे, गोड्या पाण्याच्या सेटिंगवर राहिलं तर खोली थोडी वेगळी दाखवतं. सेन्सरची बारीक भोकं असतात, त्यांत वाळू-मीठ साचलंय का ते भिंगातून बघायचं. चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर असेल तर घेऊ नका, याचा अर्थ आधीच्या माणसाने ओलं असतानाच चार्जिंगला लावलंय. बटणं एकेक करून दाबायची, दाबलेलं परत वर यायला वेळ लागला तर आत मीठ गेलंय. काच किंवा मागचं झाकण कोणी उघडलेलं असेल तर माझं उत्तर सरळ नाही. आणि त्यांचं खातं त्या घड्याळावरून काढून घ्यायला लावा. जुन्या डाइव्हचा नायट्रोजन त्यात शिल्लक दाखवत असेल तर तुमच्या पहिल्या डाइव्हचा हिशेब चुकेल.

साध्या कॉम्प्युटरचं म्हणाल तर पाण्यातलं सगळं काम तो करतो, किंमत या घड्याळांच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात, आणि बॅटरी संपली तर बऱ्याच मॉडेलांत घरी बदलता येते. इथे जिल्ह्यात या घड्याळांची दुरुस्ती होत नाही, कुरिअरने पाठवावं लागतं आणि सीझनचे दोन आठवडे सहज जातात. नकाशा हवाच असेल तर सुंटो घ्या. नसेल तर मी तुमच्या जागी साधा कॉम्प्युटर घेतला असता आणि डोंगरावर आत्ताचाच बँड चालवला असता. जी१ दोरीवर नीट उतरलं आणि पिना स्वच्छ निघाल्या, तर निम्म्या किमतीत तेही चांगलंच आहे.

गणपतीनंतर पाणी निवळलं की कळवतो. डाइव्ह झाली की घड्याळ अर्धा तास गोड्या पाण्याच्या बादलीत ठेवायचं आणि पुसून पूर्ण सुकल्यावरच चार्जिंगला लावायचं.