चहा-बिस्किटांनी पोलीस आपले होत नाहीत

उपनगरवाली :
परवा एकांनी इथे लिहिलं होतं, "पोलीस आणि वस्तीतले लोक एकत्र बसतात त्या मोहल्ला समित्या पुन्हा जोरात चालू करा, पोलीस आणि वस्तीतल्या पोरांचे क्रिकेटचे सामने लावा, दुरावा आपोआप मिटेल." वाचून डोकं इतकं तापलं की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

मागच्या महिन्यात भाजीबाजारात आईचा मोबाइल गेला. पिशवी ब्लेडने कापलेली. तीच पिशवी आम्ही पोलीस ठाण्यात टेबलावर ठेवली. अंमलदारांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हरवला म्हणून लिहा, सिम लगेच मिळेल. चोरी लिहिलंत तर पंचनामा, कोर्ट, तुमच्याच चकरा." आई 68 वर्षांची. ती म्हणाली, "अहो साहेब, हरवला कसा? पिशवी फाडलीय." दीड तास बसवून ठेवलं, शेवटी 'गहाळ' असा दाखला घेऊन घरी आलो. समोरच्या भिंतीवर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय', आणि खाली नागरिकांसोबतच्या क्रिकेट सामन्याचा फोटो.

संबंध त्या टेबलावर जुळतात नाहीतर तुटतात. आधी तक्रार लिहून घ्या, सामने नंतर.

लूमवाला, भिवंडी :
ताई, आईंचं वाईट झालं, पण त्यावरून समित्या मोडीत काढू नका. 1970 आणि 1984 च्या हिंदू-मुस्लिम दंगलींत भिवंडीत काय झालं ते आमच्या घराने भोगलंय. '84 ला आमचे चार माग जळाले. नंतर सुरेश खोपडे इथे उपायुक्त म्हणून आले, त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसवली. डिसेंबर 1992 ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

मी नववीत होतो. संध्याकाळी आवई उठली की पलीकडच्या गल्लीत आपला पोरगा कापला. वडील तडक बीटच्या जमादारांकडे गेले. माणूस ओळखीचा, आमच्या ओट्यावर येऊन बसणारा. थोड्या वेळात जमादार आणि पलीकडचे एक चाचा त्या पोराला हाताला धरून घेऊन आले, धडधाकट. ज्याच्यासोबत चहा प्यालोय, त्याच्याचकडे माणूस अशा वेळी जातो.

वकील, ठाणे :
आणि जुलै 2006? त्याच भिवंडीत, कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. गोळीबारात दोघे गेले, मग जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. तेव्हा कुठे होती सतरंजी? एका अधिकाऱ्याच्या जिवावर उभं राहिलेलं काम त्याच्या बदलीबरोबर जातं. मागे समितीत उरतात नगरसेवकाची माणसं आणि मंडळांचे अध्यक्ष. ज्याच्या पोराला रात्री उचलतात, त्याला बैठकीचा निरोपच जात नाही.

उपनगरवाली ताई, दखलपात्र, म्हणजे ज्यात पोलीस थेट तपास करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर घ्यावाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. घेत नसतील तर उपायुक्तांना लेखी पाठवा, टपालाने.

लूमवाला, भिवंडी :
2006 चं कबूल. करावंच लागतं. पण ते घडलं ते समित्या होत्या म्हणून नव्हे, त्या कागदावर उरल्या म्हणून.

खाकीच्या घरातली :
सगळे टेबलाच्या एकाच बाजूने बोलताय. माझे मिस्टर शिपाई आहेत, 19 वर्षं झाली. अनंत चतुर्दशीला सकाळी सहाला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मोजे पायाला चिकटलेले. पाय बादलीत ठेवून बसल्या जागी झोपले.

2016 ला देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी करून बघितली होती. कल्पना एका शिपायाचीच, मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त पडसलगीकरांनी ती उचलून धरली. आमच्या वसाहतीत बायका एकमेकींना फोन करून सांगत होत्या. मिस्टरांच्या ठाण्यात आज पुन्हा बारा तास, माणसं कमी आणि बंदोबस्त जास्त. क्वार्टरच्या छताचं प्लास्टर मुलाच्या ताटात पडतं. अशा माणसाने तुमच्याशी गोड बोलायचं कुठून?

रोज लोकल :
म्हणून रिक्षावाल्याच्या कानाखाली वाजवायची? स्टेशनबाहेर माझ्या डोळ्यांसमोर बापाच्या वयाच्या माणसाला मारलं, परवाना दाखवायला उशीर झाला म्हणून. ड्युटी आम्हीही करतो.

खाकीच्या घरातली :
मारणाऱ्याची बाजू मी घेतलीय कुठे? ओळ दाखवा. नसेल तर शब्द मागे घ्या.

रोज लोकल :
ओळ नाही, मागे घेतो. पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा मागे घेता येत नाही.

वकील, ठाणे :
आठ तास व्हायलाच हवेत, त्यासाठी भरती हवी. पण चोरीला 'गहाळ' लिहिणं थकव्यातून येत नाही.

खाकीच्या घरातली :
नाहीच येत. ते वरून येतं. क्राईम मीटिंगमध्ये विचारतात, तुमच्याकडे चोऱ्या किती वाढल्या, उघडकीस किती आणल्या. जो प्रामाणिकपणे नोंदवतो त्याचा आकडा फुगतो आणि बोलणी तोच खातो. मिस्टर घरी येऊन हेच सांगतात.

मास्तर, बीड :
तुम्ही सगळे पोलीस ठाण्यात स्वतःहून गेलात. आमच्याकडे ठाणं घरी येतं. मी पारधी आहे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यातून गुन्हेगार जमातींचा जो शिक्का आणला तो 1952 ला कागदावरून पुसला, पहाटेच्या झडतीतून पुसला नाही. तालुक्यात घरफोडी झाली की आमची वस्ती. माझ्या धाकट्या भावाला तीनदा उचललं, तिन्हीदा सोडलं, एकदाही कागद नाही. तिसऱ्या वेळी त्याचं बारावीचं प्रॅक्टिकल बुडालं. आज वर्गात माझ्यासमोर पोलिसांची मुलं बसतात, मी त्यांना गणित शिकवतो. गस्तीची गाडी दिसली की माझी आई अजून चूल विझवते.

लूमवाला, भिवंडी :
मास्तर, अशा वस्तीत समिती बसवायचा विचार आम्ही कधी केला नाही. हे चुकलंच.

उपनगरवाली :
खाकीच्या घरातल्या ताई, आकड्यांचं पटलं. पटवून घ्यायची इच्छा नव्हती, तरी पटलं. पण आईला दीड तास बसवलं ते आकड्यांनी नाही, माणसांनी. लूमवाले दादा, समित्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही. पहिल्या सतरंजीवर मास्तरांच्या वस्तीतली माणसं बसणार असतील, तर मीही येईन.

उपायुक्तांना अर्ज रजिस्टर पोस्टाने काल पाठवलाय. पोच आली की इथे सांगते. कापलेली पिशवी आई अजून टाकू देत नाहीये, दाखवायला लागेल म्हणते.