फार्मसीला नेमकं काय शिकवतात? नुसतं पाठांतर असतं का?

प्रश्न – नवी_वाट

नमस्कार मंडळी, मी फार्मसीला अ‍ॅडमिशन घ्यायचा विचार करतेय पण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक जण म्हणाला औषधांची नावं पाठ करायची आणि मग काउंटरमागे उभं राहून डबे द्यायचे, दुसरा म्हणाला केमिस्ट्री इतकी असते की डोकं फिरतं. मला केमिस्ट्री आवडते, पाठांतराचा मात्र कंटाळा आहे आणि गणिताची भीती वाटते. जे शिकतायत किंवा शिकून काम करतायत त्यांनी प्लीज सांगा, वर्गात काय असतं, प्रॅक्टिकलला काय करतात, आणि आपल्या हातून चूक झाली तर काय ही धास्ती तुम्हालाही वाटायची का?

---

वॉर्डफेरी

मी हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे, बरीच वर्षं झाली. विषयांची यादी तुला कुठेही मिळेल म्हणून ती देत नाही, एका गोळीवरून सांगते. छातीत दुखायला लागलं की काही पेशंट जिभेखाली गोळी ठेवतात ना, नायट्रोग्लिसरीनची. ती गिळायची का नाही? कारण पोटातून शोषलेलं औषध आधी लिव्हरमधून जातं आणि हे औषध तिथेच बहुतेक संपून जातं, जिभेखालून मात्र थेट रक्तात उतरतं. आता बघ, एवढं एक वाक्य कळायला तुला शरीररचना लागली, औषधाची केमिस्ट्री लागली, औषध शरीरात कुठे जातं कसं मोडतं ते लागलं, आणि गोळी अशी बनवायची की जिभेखाली पटकन विरघळेल हेही लागलं. हेच सगळे आपले विषय. पाठांतर आहेच, खोटं बोलणार नाही, पण कारण कळलं की नाव आपोआप लक्षात राहतं.

चुकीच्या धास्तीबद्दल एक सांगते. ट्रेनिंगमध्ये असताना वॉर्डातले औषधांचे चार्ट तपासायचं काम माझ्याकडे होतं. सांध्यांच्या दुखण्याच्या एका बाईंच्या चार्टवर मेथोट्रेक्सेट लिहिलेलं, समोर ‘रोज एकदा’. या आजारात हे औषध आठवड्यातून एकदाच देतात, रोज गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होतात आणि माणूस दगावू शकतो. मी तो चार्ट हातात घेऊन तशीच उभी, वाटलं आपणच चुकत असू, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय. पुस्तक काढलं, परत वाचलं, आणि फोन केला. पलीकडून आधी शांतता आणि मग ‘थांबवा, मी येतोय’. गोळी अजून गेलेली नव्हती. धास्ती अजूनही वाटते मला, आणि ती वाटायलाच हवी असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला वाटत नाही तो दुसऱ्यांदा तपासत नाही.

---

शेवटचं_वर्ष

मी अजून शिकतोय म्हणून प्रॅक्टिकलचं ताजं सांगतो. सुरुवातीला लॅबमध्ये खल-बत्ता घेऊन पावडरी, मलमं, इमल्शन बनवायला लावतात. इमल्शन म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायचं, त्यात तेल चार भाग, पाणी दोन, डिंक एक असं प्रमाण घेऊन एकाच दिशेने जोरात घोटत राहायचं, आणि जमलं की खलातून कटकट असा एक आवाज यायला लागतो आणि सगळं पांढरंशुभ्र दिसतं. माझं तीनदा फाटलं, तेल वर तरंगत राहिलं, चौथ्यांदा तो आवाज आला तेव्हा मी शेजारच्याला हाक मारून ऐकवला.

पुढे निर्जंतुक काम येतं. गाळलेली हवा एका दिशेने वाहणारं कपाट असतं, त्यात हात घालून इंजेक्शनं बनवायची, काम काठापासून निदान १५ सेंटीमीटर आत करायचं, आणि हवा येते तिच्या आणि सुईच्या मध्ये हात आणायचा नाही. परीक्षा कशी घेतात तर औषधाऐवजी जंतू वाढतील असं द्रावण भरायला देतात आणि बाटल्या दोन आठवडे उबेत ठेवतात. द्रावण गढूळ झालं तर काम चुकलं, त्यात वाद घालायला जागाच नाही.

पण खरं सांगू का, खल-बत्त्यावर एवढे तास कशाला असं मला वाटतं, आता बहुतेक औषधं कारखान्यातून तयार होऊन येतात. त्यापेक्षा वॉर्डात जास्त दिवस द्यायला हवेत.

---

जुना_मास्तर

शेवटचं_वर्ष, तुझं वॉर्डाबद्दलचं म्हणणं पटतं, खल-बत्त्याबद्दलचं नाही. औषध कशात मिसळलंय याला औषधाइतकंच महत्त्व आहे, हे हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड नावाचं औषध पातळ स्वरूपात आणलं गेलं, औषध आधीपासून वापरात होतं, पण ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं आणि ते विषारी आहे का हे कोणी तपासलंच नाही. शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. चव बघितली होती, वास बघितला होता, रंग बघितला होता. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला की औषध सुरक्षित आहे हे आधी दाखवा आणि मगच विका. मी हे दरवर्षी वर्गात सांगतो आणि सांगताना अजून आवाज जड होतो.

नवी_वाट, गणिताचं म्हणशील तर त्रैराशिक पक्कं असलं की रोजचं बरंचसं काम निभतं. १२ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलीग्रॅम, म्हणजे एका वेळी १८०. बाटलीवर ५ मिलीलिटरमध्ये १२० मिलीग्रॅम लिहिलंय, तर द्यायचं साडेसात मिलीलिटर. एवढं तुला आत्ताही येईल. पण शेजारीच दुसरी बाटली असते, ५ मिलीलिटरमध्ये २५० वाली, त्यातून साडेसात दिलं तर पोरात ३७५ मिलीग्रॅम गेलं, दुपटीहून जास्त. गणित बरोबर आणि बाटली चुकीची. म्हणून उत्तर काढलं की आम्ही विचारतो, हे उत्तर एवढ्याशा लेकराला शोभतं का? तसंच शून्याचं. अर्धा लिहायचा तर ०.५, पुढचं शून्य गाळायचं नाही, आणि पाच लिहायचे तर नुसते ५, मागे दशांश आणि शून्य लावायचं नाही, कारण टिंब पुसट झालं की ५.० चे ५० होतात. वहीत असं लिहिलेलं दिसलं की मी मार्क कापतो, मुलं चिडतात, चिडू देत.

---

नवी_वाट

बापरे, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. सर, त्रैराशिक येतं मला 😊 अजून एक विचारते, मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही, मग काय करू? आणि अ‍ॅडमिशनच्या आधी घरी बसून काही करता येईल का?

---

शेवटचं_वर्ष

सर, सल्फानिलामाइडचं वाचलं होतं पण असं डोळ्यासमोर नव्हतं आलं, माझे शब्द मागे घेतो.

नवी_वाट, बोलणंसुद्धा शिकवतात गं, तेही तालीम करून. आमच्या परीक्षेत खोल्या असतात, प्रत्येक खोलीत कोणीतरी पेशंट बनून बसलेलं, घंटा वाजली की आत जायचं, घंटा वाजली की बाहेर. मला इन्हेलर समजावून सांगायचा होता, हलवा, आधी श्वास पूर्ण सोडा, मग एकदा दाबतानाच श्वास हळू आत ओढा, १० सेकंद धरून ठेवा. मी धडाधड सांगून मोकळा झालो आणि ‘कळलं ना?’ विचारलं, त्या बाई ‘हो’ म्हणाल्या. तिथेच मार्क गेले. ‘हो’ कोणीही म्हणतं, त्यांच्या हातात इन्हेलर देऊन ‘आता मला करून दाखवा’ म्हणायचं होतं.

---

वॉर्डफेरी

अगदी हेच. मी स्वतः खूप अबोल होते आणि अबोल माणूस इथे चांगला तयार होतो कारण तो ऐकतो. एक आजोबा होते, ब्लड प्रेशर काही केल्या स्थिर राहीना, कधी एकदम खाली तर कधी वर. मी फक्त एवढंच विचारलं, आजोबा ही गोळी तुम्ही घेता कशी, मला दाखवता का? त्यांनी दोन चमचे घेतले आणि गोळी मधे चेपून तिचा भुगा करून दाखवला, गिळता येत नव्हती म्हणून. ती गोळी दिवसभर हळूहळू सुटणारी, भुगा केल्यावर सगळं औषध एकदम अंगात जात होतं आणि दुपारनंतर काहीच उरत नव्हतं. डॉक्टरांना सांगून गिळायला सोपं असं दुसरं औषध बसवलं.

घरी करण्यासारखं म्हणशील तर कुठल्याही औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद उघड आणि शेवटपर्यंत वाच. प्रत्येक सूचनेपुढे ‘का’ लिही. उत्तर नाही आलं तरी चालेल.

---

नवी_वाट

ताई, लगेच वाचला. आजीची हाडांची गोळी आहे, अ‍ॅलेंड्रोनेट, आठवड्यातून एकदा. लिहिलंय की सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्या, आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका. रिकाम्या पोटी का आणि आडवं का नाही, दोन्हींपुढे ‘का’ लिहून ठेवलंय.

---

वॉर्डफेरी

छान निवडलीस. हे औषध आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, रिकाम्या पोटीसुद्धा शंभरातला एक भाग नाही, त्यात दुधातलं कॅल्शियम भेटलं की त्याला चिकटून बसतं आणि तेवढंही जात नाही. आणि गोळी अन्ननलिकेत अडकली किंवा आडवं झाल्यावर वर आली तर तिथे जखम होते, म्हणून ग्लासभर पाणी आणि ताठ बसणं. आजी गोळी घेऊन परत झोपत नाहीत ना, तेवढं आज विचार.