तीन दिवसांची रजा संपली. आता विचारू का, ती इतकी उशिरा का आली?

ब्रॅम्प्टनकर

31 मार्च 2023 ला कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातली कोविडची पगारी आजारी रजा बंद झाली. फारशी कुणी दखलही घेतली नाही. दखल घेण्यासारखं होतं काय म्हणा. तीन दिवस, दिवसाला जास्तीत जास्त 200 डॉलर. आणि हे वर्षाला तीन नव्हेत, अख्ख्या साथीत मिळून तीन.

नव्याने इकडे आलेल्यांसाठी मागचं थोडं सांगतो. 2018 च्या जानेवारीपासून इथल्या कामगाराला वर्षाला 10 दिवस तातडीची रजा होती, त्यातले पहिले दोन पगारी. लिबरल सरकारने जाता जाता केलेली सोय. त्याच जूनमध्ये डग फोर्ड निवडून आले (प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री) आणि वर्ष संपताच ते दोन पगारी दिवस गेले. किमान वेतन ताशी 14 चं 15 होणार होतं, तेही अडलं. पक्षाचं नाव प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह. नाव सोनूबाई...

मग साथ आली. वर्षभर विरोधी पक्ष, डॉक्टर, शहरांचे महापौर सगळे एकच सांगत होते: पगारी रजा द्या, माणसं ताप घेऊन कामावर जातायत. सरकारने ती दिली 2021 च्या एप्रिलअखेरीस, तिसरी लाट डोक्यावरून गेल्यावर.

त्याच एप्रिलमधलं एक. आम्ही चौघं एका बेसमेंटमध्ये राहायचो. तिघं गोदामात, एक डिलिव्हरीच्या गाडीवर. नांदेडकडच्या पोराला दुपारी कणकण वाटायला लागली. संध्याकाळी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा मेसेज: उद्या पहाटे साडेपाच, येणार ना? त्याने थर्मामीटर लावला, 38.4 सेल्सिअस, म्हणजे 101 फॅरेनहाइट. मेसेजला उत्तर दिलं नाही. तापाच्या दोन गोळ्या, टायलेनॉल, घेतल्या, भिंतीला टेकून अर्धा तास बसला, पुन्हा लावला. 37.3. मग 'येतो' टाइप केलं. गेटवर कपाळाला बंदूक लावून तापमान बघायचे, तिथे तो पास होणार होता.

मी त्याला अडवलं नाही. 14.25 च्या भावाने आठ तासांचे 114 डॉलर होतात, आणि भाडं पाच दिवसांवर आलं होतं. पुढच्या आठवड्यात आम्ही चौघंही पॉझिटिव्ह.

सरकार तेव्हा काय करत होतं? 16 एप्रिलला शुक्रवारी जाहीर केलं की मुलांची खेळाची मैदानं बंद आणि रस्त्यात कुणालाही थांबवून 'घराबाहेर का पडलात, राहता कुठे' असं विचारायची पोलिसांना मुभा. एकामागून एक पोलीस खात्यांनीच सांगितलं, आम्ही असं करणार नाही. दुसऱ्याच दिवशी दोन्ही मागे. साथ गोदामात, कडी घसरगुंडीला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

22 तारखेला फोर्डनी डोळ्यांत पाणी आणून माफी मागितली. कार्यालयातल्या कुणाला तरी कोविड झाला म्हणून ते स्वतः तेव्हा घरी विलगीकरणात होते. त्यांचा पगार कापला गेला असेल असं मला वाटत नाही.

गल्लेवाला

लेख मनापासून लिहिलाय, पण एकतर्फी आहे. माझं टोरांटोशेजारी मिसिसागात साड्या-ड्रेस मटेरियलचं छोटं दुकान. 23 नोव्हेंबर 2020 ला पील (मिसिसागा, ब्रॅम्प्टनचा भाग) आणि टोरांटो बंद केलं ते मार्च उजाडेपर्यंत. ऐन लग्नाच्या खरेदीत शटर खाली आणि मी दारात उभा राहून पिशव्या देतोय. मला सरकारवर राग नाही असं समजू नका.

पण तुमचा राग जरा सोयीस्कर आहे. लस आणायचं काम केंद्राचं, ती उशिरा आली त्याला फोर्ड काय करणार? आजारी माणसाला आठवड्याला 500 डॉलर केंद्र देत होतंच, सप्टेंबर 2020 पासून. तुमच्या मित्राने ते का नाही घेतले? आणि बीसीत (ब्रिटिश कोलंबिया प्रांतात) तर तुमच्या लाडक्या डाव्या एनडीपीचं सरकार. त्यांनीही मे 2021 मध्येच दिली, तीही तीनच दिवस. तिथे कुणी धागा काढला नाही.

उजवं सरकार म्हणजे माणसं मेली तरी चालतील, हे चित्र खोटं आहे. याच फोर्डनी एप्रिल 2020 मध्ये विधानसभेपुढे जमलेल्या लॉकडाउनविरोधकांना टगे म्हणावं तशा शब्दांत झापलं होतं. लॉकडाउन उठवा असं पत्र लिहिलं म्हणून स्वतःच्या आमदाराला, रोमन बेबरला, पक्षाच्या गटातून काढलं. हे कुठल्या उजव्याने केलं सांगा.

ब्रॅम्प्टनकर

गल्लेवाले साहेब, 500 डॉलरबद्दल. तो अर्ज करायला आठवड्याचं निदान निम्मं काम बुडावं लागायचं. टेस्ट करायची आणि रिपोर्ट येईपर्यंत एक दिवस घरी थांबायचं, तर हातात शून्य. शिवाय पैसे नंतर यायचे. भाडं नंतर देता येत नाही. पसरायचं तर नेमकं त्या पहिल्या एक-दोन दिवसांत पसरतं.

बीसीचं मान्य, त्यांनीही झोपा काढल्या. पण 1 जानेवारी 2022 पासून त्यांनी वर्षाला पाच पगारी दिवस कायमचे केले. आपले तीन मार्च 2023 ला संपले. फरक तिथे आहे.

कोपऱ्यातला

पुण्यातून वाचतोय. 2021 च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे बेड आणि ऑक्सिजनसाठी फोन फिरवत होतो आम्ही. तुमच्याकडे मैदान बंद झालं म्हणून मुख्यमंत्री रडले हे वाचून, राग मानू नका, हसू आलं.

ब्रॅम्प्टनकर

राग कसला. माझा मामा त्याच एप्रिलमध्ये तिकडे ऑक्सिजनवर होता आणि 22 तारखेला भारतातून इथे येणारी थेट विमानं बंद झाली. पण शेजाऱ्याचं घर जास्त जळत होतं म्हणून आमच्याकडच्या बंबवाल्याला विचारायचंच नाही का?

रातपाळी

मी पीएसडब्ल्यू, म्हणजे पर्सनल सपोर्ट वर्कर आहे. आजी-आजोबांना उठवणं, धुणं-पुसणं, भरवणं हे काम. साथीच्या आधी मी दोन नर्सिंग होममध्ये अर्धवेळ करायचे, कारण पूर्णवेळ नोकरी कुणी देतच नाही. एप्रिल 2020 मध्ये हुकूम आला, एकाच ठिकाणी काम करा. बरोबरच होता. पण माझी अर्धी मिळकत गेली आणि एजन्सीतून येणाऱ्यांना तो हुकूम लागूच नव्हता! ती मुलगी आज आमच्याकडे, उद्या दुसरीकडे. मी एकनिष्ठ, विषाणू फिरस्ता.

आमच्याकडे चांगले मास्क कपाटात कुलपात असायचे. किल्ली दिवसपाळीच्या बाईंकडे. रात्री दोन वाजता कुणाला खोकला सुरू झाला की आम्ही कपाटाकडे बघायचो.

ब्रॅम्प्टनकर, सगळं फोर्डवर घालू नका. 2003 ते 2018 लिबरलच होते आणि वृद्धांच्या घरांची हेळसांड कित्येक दशकांची आहे, हे सरकारने नेमलेल्या आयोगानेही एप्रिल 2021 च्या अहवालात लिहिलंय. चारचार जणांच्या खोल्या काही एका रात्रीत बांधल्या नव्हत्या.

पण गल्लेवाले भाऊ, पहिल्या लाटेत लष्कर बोलवावं लागलं. मे 2020 मध्ये त्या जवानांनी काय पाहिलं ते जगाने वाचलं. झुरळं, ओल्या कपड्यांत तशीच पडलेली माणसं, हाका मारणारी आणि कुणी न येणारी. फोर्ड म्हणाले होते, वृद्धांभोवती लोखंडी कडं उभं करू. त्यानंतर अख्खा उन्हाळा हातात होता. दुसऱ्या लाटेत पुन्हा तेच. आयोगाचा अहवाल आला तोवर जवळपास 4,000 रहिवासी आणि 11 कर्मचारी गेले होते. मधल्या काळात सरकारने घाईने केलं ते काय, तर नोव्हेंबर 2020 चा 218 क्रमांकाचा कायदा: घोर निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय कोविडसाठी कुणावर दावा लावता येणार नाही. कडं उभं राहिलं खरं, पण मालकांभोवती.

नर्सेसच्या पगारवाढीवर 2019 पासून 1 टक्क्याची टोपी होती, ती साथीतही काढली नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, तर सरकार अपिलात गेलं. आम्हाला 'हिरो' म्हणणारी पाटी मात्र अजून गेटवर आहे. रंग उडालाय तिचा.

गल्लेवाला

रातपाळीताई, तुमच्यापुढे मी काय बोलणार. 218 वर वाद घालत नाही. एवढंच, की क्युबेकमध्ये वस्ती आपल्याहून कितीतरी कमी आणि मृत्यू जास्त. म्हणजे ऑन्टारिओने काहीतरी बरोबर केलंच असेल ना?

ब्रॅम्प्टनकर

क्युबेकचं सरकारही तेव्हा उजवीकडेच झुकलेलं होतं हो. ते उदाहरण माझ्या बाजूने घ्यायचं की तुमच्या, ठरवा.

आणि तेव्हा कुणाला काय माहीत होतं, हे कृपया आणू नका. 11 फेब्रुवारी 2021 ला सरकारच्याच सल्लागार शास्त्रज्ञांनी आलेख दाखवले होते, निर्बंध उठवले तर विषाणूच्या नव्या प्रकारांची तिसरी लाट येते. एका पत्रकाराने विचारलंही, माझं काही चुकतंय का, ही तर संकटाची भविष्यवाणी आहे. शास्त्रज्ञ म्हणाले, नाही, बरोबर समजलात. आणि सरकार त्याच आठवड्यात उघडत होतं.

अर्थमंत्री रॉड फिलिप्सचा किस्सा तर विसरताच येत नाही. लोकांना घरी बसा सांगून स्वतः डिसेंबर 2020 मध्ये कॅरिबियन बेटावर, आणि इकडे नाताळच्या संध्याकाळी शेकोटीजवळ बसलेला आधी चित्रित केलेला व्हिडिओ. वर्षाच्या शेवटच्या दिवशी राजीनामा, पुढच्या जूनमध्ये परत मंत्री. खातं कुठलं? वृद्धांच्या दीर्घ शुश्रूषेचं.

गणिती

सगळं वाचलं. आता एक हिशेब करा. 2 जून 2022, निवडणूक. फोर्ड 124 पैकी 83 जागा, आधीपेक्षा जास्त. ब्रॅम्प्टनमध्ये 2018 ला पाचपैकी तीन जागा एनडीपीकडे होत्या. साथीत सर्वांत जास्त पोळलेल्या शहरांतलं हे एक, आणि 2022 ला पाचच्या पाच फोर्डकडे. तुमच्या गोदामवाल्यांनीच दिल्या. म्हणजे एक तर तुम्ही सांगता तितकं वाईट झालं नाही, नाहीतर लोकांना तुमच्याइतकं कळत नाही. यातलं कुठलं?

ब्रॅम्प्टनकर

तिसरं. मतदान चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास झालं, इथल्या इतिहासात सर्वांत कमी. आणि आमच्या बेसमेंटमधल्या चौघांपैकी मताचा हक्क एकालाही नव्हता. विद्यार्थी आणि वर्क परमिटवाले आम्ही. रात्रभर खोकी उचलतो, मोजणीत नसतो.

पण तुमचा टोला लागलाय, खोटं कशाला बोलू. विरोधकांनी पगारी रजेवर दोन वर्षं भाषणं केली आणि निवडणुकीत लोक स्वस्त पेट्रोल आणि गाडीच्या नंबरप्लेटच्या परत मिळालेल्या पैशाबद्दल बोलत होते. माझा घरमालक पंजाबी, ट्रकवाला. त्याच्या घरात दोन मृत्यू झाले. मत फोर्डलाच. का विचारलं तर म्हणाला, रडला ना तो, दुसरे तर रडतही नाहीत.

गल्लेवाला

बघा, हे तुम्ही स्वतःच लिहिलंत म्हणून बरं वाटलं.

आता माझंही एक सांगतो. दुकानात मदतीला एक मुलगा होता. 2021 च्या उन्हाळ्यात त्याला ताप आला, मी सरळ म्हटलं तीन दिवस घरी बस, पगार देतो. कागद भरले आणि ते पैसे सरकारकडून मला परतही मिळाले. माझ्या खिशातून एक डॉलर गेला नाही. तेव्हा मनात आलं होतं, हे एवढं सोपं होतं तर आधी का नाही.

रातपाळी

तीनही दिवस घेतले का त्याने?

गल्लेवाला

नाही. दोनच घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी शटरपाशी उभा. म्हणाला, एक राहू दे, पुढे कधी लागला तर.