सोन्याची नाणी की चांदीची वीट? बाबांच्या निवृत्तीचे पैसे आणि इंदूरचा सराफा

सुदामानगरकर:
बाबा यंदा रिटायर झाले, बरेचसे पैसे एफडीत गेले, थोडे धातूत ठेवायचे असं घरात ठरलं आणि तिथेच गाडी अडलीये. बाबांना चांदीची वीट हवी, किलोची, कपाटात ठेवली की विषय संपला. मला सोनं हवंय, तेही दहा-दहा ग्रॅमची नाणी, दागिना अजिबात नको. काल दोघं सराफ्यात जाऊन आलो, दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडत होती आणि समोर खाण्याची दुकानं लागायला लागली होती, तिथेच गराडू (तळलेला कंद) खाता खाता आमचं परत सुरू. माझं म्हणणं सरळ आहे, दागिन्यात घडणावळ बुडते, मोडायला गेलं की खडे-मीना वजा आणि घट वजा. नाण्यावर ९९९ चा, म्हणजे ९९.९ टक्के शुद्धतेचा शिक्का, वजन ठरलेलं, अडीअडचणीला एकच नाणं मोडायचं, बाकीची तशीच राहतात. वीट काय थोडी थोडी कापून विकणार का? तुमचं मत सांगा, पण कारणासकट.

जुना पलासियाकर:
दोन्ही नको, ईटीएफ घ्या, म्हणजे शेअर बाजारात मिळणारा सोन्या-चांदीचा फंड. रागावू नका, आधी हिशोब बघा. एक लाखाचा धातू घेतला की ३ टक्के जीएसटी, म्हणजे १,०३,००० गेले, वर नाण्याची बनवणावळ वेगळी, आणि १ ग्रॅमच्या नाण्यात तर ती ग्रॅममागे फारच महाग पडते. विकताना जीएसटी परत मिळत नाही, सराफ थोडा बट्टा कापतो तो वेगळाच. म्हणजे भाव चार-पाच टक्के चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. ईटीएफ घेताना ३ टक्के लागत नाहीत, लॉकरचं भाडं नाही, शुद्धतेची काळजी नाही. बँकेतून नाणं घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा, बँक नाणं विकते पण परत घेत नाही.

रामबागची सून:
दादा, ईटीएफ तुमच्या डिमॅटमध्ये, पासवर्ड तुमच्या मोबाइलमध्ये. उद्या तुम्हाला काही झालं तर वहिनींना माहीत आहे का कुठे काय आहे ते? माझ्या सासूबाई दर गुरुपुष्याला जमेल तसं वेढणं घ्यायच्या, चोख सोन्याचं, आणि सासरे अचानक आजारी पडले तेव्हा ती वेढणीच हाताशी होती, कुणाची सही लागली नाही की ओटीपी लागला नाही. हे टक्क्यांत कसं मोजणार?

पण वस्तू हातात असली म्हणजे खरीच असते असंही नाही, ते आमच्याच घरातलं सांगते. आजेसासूबाईंच्या बटव्यात जुने चांदीचे रुपये होते, ३७ नग. सगळे "राणीछाप" म्हणून जपलेले. सराफाने भिंग लावून एकेकाचं साल वाचलं आणि दोन ढीग केले. व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज एकीकडे, १९४० नंतरचे सहाव्या जॉर्जचे दुसरीकडे. वजन दोन्हीचं तेच, ११.६६ ग्रॅम, पण १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आणली होती. पहिल्यात साडेदहा ग्रॅमच्या वर चांदी, दुसऱ्यात सहालाही कमी. १४ नग त्या दुसऱ्या ढिगात निघाले. आम्ही सगळे एकाच भावाचे धरून बसलो होतो, फार वाईट वाटलं. म्हणून सांगते, नाण्यावरचं साल वाचल्याशिवाय जुनी नाणी नगावर घेऊ नका.

लोकमान्यनगरचे काका:
बाबांचं बरोबर आहे हो. सोन्याचा भाव आता मध्यमवर्गाच्या आवाक्यात राहिलाय का? चांदी सोलर पॅनलमध्ये लागते, इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागते, मागणी कारखान्याची आहे, नुसती लग्नाची नाही. मी २०२० च्या आधी घेतलेली वीट आज बघतो तेव्हा समाधान वाटतं. फक्त घेताना विचारा, चौरसा की टंच, बाजारातले चांदीचे हे दोन प्रकार, आपल्याकडे दोन्हीचे भाव वेगळे निघतात, आणि विकताना ज्याच्या त्याच्याकडे न जाता जिथून घेतली तिथेच बिल घेऊन जा.

सुदामानगरकर:
काका, तुमचा आदर आहे पण २०२० पासूनची चांदी बघून बोलू नका, मागची बघा. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली, अमेरिकेतल्या हंट बंधूंनी साठा केला होता, आणि मार्चअखेर ११ च्या खाली आपटली. परत त्या भावाला यायला एप्रिल २०११ उजाडलं, ३१ वर्षं! तिथूनही पडली आणि तो आकडा ओलांडला तो थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये. साठीतल्या माणसाने एवढी वाट बघायची? सोनंही २०११ नंतर चार वर्षं उतरलं होतं, मान्य, पण चांदीइतकं ते वरखाली होत नाही.

आणि कर्जाचं कुणीच बोललं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांत नाण्यांवर कर्ज मिळतं, सोन्याची ५० ग्रॅमपर्यंत, चांदीची ५०० ग्रॅमपर्यंत. विटेवर, बिस्किटावर नाही. म्हणजे बाबांची वीट अडचणीला फक्त विकताच येईल.

जुना पलासियाकर:
कर्जाचा मुद्दा चांगला आहे, मला पटला. पण मग हेही ऐका. १९९४ च्या आयकर खात्याच्या सूचनेप्रमाणे छापा पडला तर विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅम सोन्याचे दागिने जप्त करत नाहीत. दागिने! नाणी आणि बिस्किटं त्यात धरत नाहीत. म्हणून नाणी घेणारच असाल तर कच्च्या चिठ्ठीवर दोन पैसे वाचवायला जाऊ नका. २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, तेव्हा खरेदीची किंमत दाखवायलाही तेच पक्कं बिल लागतं.

रामबागची सून:
आणि ते बिल बाबांच्या एकट्याच्या नावाने फाईलमध्ये ठेवू नका, आईंनाही दाखवून ठेवा कुठे आहे ते.

सुदामानगरकर:
रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. कर्जाचं ऐकून गप्प बसले, मग म्हणाले, विटेचं राहू दे, पण चांदी मी घेणारच, ५० ग्रॅमची दहा नाणी. उरलेल्याचं सोनं. सोमवारी जातोय, यावेळी आई पण येतेय.

लोकमान्यनगरचे काका:
दहा नाण्यांची बनवणावळ आणि एका विटेची बनवणावळ, दोन्ही लिहून घ्या आणि मग इथे सांगा. मी अजून विटेवरच आहे.