मदत हवी आहे: अधिवेशनाचे प्रतिनिधी आणि उमेदवार कसे ठरवायचे? (छोटा पक्ष, ठाणे)

तीनहातनाका

नमस्कार मंडळी.

राजकीय धुळवडीसाठी धागा काढलेला नाही, हे आधीच सांगतो. पक्षाचं नाव विचारू नका, ओळखलंत तर मनात ठेवा. आयोगाकडे नोंदणी आहे, मान्यता नाही, टीव्हीवाले आम्हाला 'इतर'मध्ये टाकतात. एवढ्यावर भागवा.

मी गेल्या महिन्यापासून ठाणे शहराचा चिटणीस आहे. आधीचे चिटणीस महापालिका निवडणुकीनंतर रुसून घरी बसले आणि पुढच्या बैठकीला वही-पेन घेऊन आलेला मी एकटाच होतो. झालो चिटणीस.

मेअखेर राज्य अधिवेशन आहे. ठाण्याच्या वाट्याला ११ प्रतिनिधी आलेत. ठरावांना हात वर करायचे आणि जेवून परत यायचं, एवढंच काम असतं तर कुणी भांडलं नसतं. पण आमच्याकडे राज्य कार्यकारिणी हेच प्रतिनिधी निवडतात, आणि पुढच्या निवडणुकांत तिकीट कुणाला ते ठरवणारं सात जणांचं निवड मंडळही हेच निवडतात. त्यामुळे प्रतिनिधी ठरतानाच अर्धी तिकिटं ठरलेली असतात.

आमची घटना नऊ पानांची. प्रतिनिधींबद्दल तिच्यात एकच वाक्य आहे, 'विभागवार सभासदसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी निवडले जातील.' कुठल्या तारखेची सभासदसंख्या, अपूर्णांक आला तर तो कुणाच्या पदरात, हात वर करून की चिठ्ठी टाकून, काही नाही. लिहिणारे फार गुण्यागोविंदाने राहत असावेत.

चार विभाग आहेत. नौपाडा-कोपरी ६४ सभासद, वागळे इस्टेट ३१, घोडबंदर ७८, कळवा-मुंब्रा-दिवा ३९. एकूण २१२. हसू नका.

घोडबंदरच्या ७८ पैकी ३२ एका दुपारी झालेत. पावती पुस्तक आत्ता माझ्यासमोर उघडं आहे. १६९ ते २००, सगळ्या पावत्या एकाच निळ्या पेनने, एकाच अक्षरात. १८३पर्यंत अक्षर नेटकं आहे, पुढे लिहिणाऱ्याचा हात भरून आलेला दिसतो. वर्गणी माणशी ५० रुपये, म्हणजे १६०० रुपये, ते एकाच मोबाइलवरून एकरकमी जमा. तारीख अधिवेशन जाहीर झाल्यानंतर चौथ्या दिवसाची. विभागप्रमुख म्हणतात, "सोसायटीत चैत्राचं हळदीकुंकू होतं, बायका जमल्या होत्या, तिथंच पावत्या फाडल्या." असेलही. घोडबंदरला एकेका संकुलात आमच्या अख्ख्या पक्षापेक्षा जास्त माणसं राहतात.

दुसरं दुखणं उमेदवारीचं. जानेवारीत आम्ही एकाच प्रभागात लढलो, तेही चारपैकी तीन जागा. 'ब' जागा महिलांसाठी होती आणि तिथं दोघींना शब्द दिला गेला होता. एकीला शहराध्यक्षांनी, दुसरीला राज्याच्या निरीक्षकांनी. दोघींनी पत्रकं छापली, एकाच छापखान्यात. ३० डिसेंबर, अर्ज भरायचा शेवटचा दिवस, एबी फॉर्म (पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते सांगणारे सहीचे कागद) दादरहून लोकलने यायचे. ते घेऊन येणारा पोऱ्या पावणेतीनला निवडणूक कार्यालयाच्या जिन्यात धापा टाकत उभा, फॉर्मवर सही आहे, 'ब'समोर नावाची जागा कोरी. दोन्ही ताई त्याच जिन्यात. शहराध्यक्षांनी भिंतीवर कागद टेकवून नाव लिहिलं. पंधरा मिनिटं होती हातात. ज्यांचं नाव लिहिलं नाही त्या अपक्ष राहिल्या आणि त्यांना आमच्या अधिकृत उमेदवारापेक्षा जास्त मतं पडली. आता त्या नौपाड्यातून प्रतिनिधी म्हणून उभ्या आहेत, आणि ज्यांना तिकीट मिळालं त्या घोडबंदरमधून. ३२ पावत्यांवरून रक्त का तापलंय ते कळलं असेल.

मला नियमावली लिहायला सांगितलीय. सभासद कोण आणि कधीपर्यंतचा, प्रतिनिधींची वाटणी, आणि उमेदवार ठरवायची रीत. कुणी असं काही लिहिलंय, राबवलंय? सोसायटीच्या निवडणुकीचा अनुभवही चालेल.

हिशेबनीस

आधी गणित करून बघा, भांडण केवढं आहे ते कळेल. २१२ भागिले ११, म्हणजे एका प्रतिनिधीमागे १९.२७ सभासद. नौपाडा ३.३२, वागळे १.६१, घोडबंदर ४.०५, कळवा २.०२. पूर्णांक दिले की १० जागा जातात. उरलेली एक, ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला, म्हणजे वागळेला. वाटणी ३, २, ४, २.

आता ते ३२ काढा. सभासद १८०, एका प्रतिनिधीमागे १६.३६. नौपाडा ३.९१, वागळे १.८९, घोडबंदर २.८१, कळवा २.३८. वाटणी ४, २, ३, २.

म्हणजे सगळा तमाशा एका खुर्चीचा, घोडबंदरची नौपाड्याला. वागळे आणि कळव्याला काही फरक पडत नाही. तेव्हा नियम लिहायला त्या दोन विभागांतली माणसं बसवा, बाकीच्यांना चहा पाजा.

तारखेचं म्हणाल तर पावतीवरची तारीख धरूच नका. पावती मागच्या तारखेची फाडता येते. पक्षाच्या बँक खात्यात वर्गणी जमा झाल्याची तारीख धरा, आणि ज्याची त्याने भरलेली हवी.

तुर्भेकर

मी डाव्या चळवळीतला, एपीएमसीच्या माथाडींमध्ये बरीच वर्षं. आमच्या पद्धतीवर टीका करणारे पुष्कळ आहेत, मीही करतो, पण तुमच्या कामाच्या दोन गोष्टी तिथं आहेत.

मार्क्सवादी पक्षात पावती फाडली की माणूस लगेच मत देणारा सभासद होत नाही. आधी एक वर्ष उमेदवार-सभासद. बैठकीला बसायचं, बोलायचं, मत नाही. वर्षभर टिकला तर पूर्ण सभासद. हळदीकुंकवात ३२ जण झाले तरी या अधिवेशनापुरता प्रश्न मिटतो, आणि कुणाला खोटं म्हणावं लागत नाही. तुम्हाला वर्ष परवडणार नाही, सहा महिने ठेवा.

दुसरं, खालून वर. शाखेचं अधिवेशन, मग तालुका, जिल्हा, राज्य, मग पार्टी काँग्रेस, म्हणजे देशपातळीवरचं अधिवेशन (चोविसावी २०२५च्या एप्रिलमध्ये मदुराईला झाली). प्रत्येक पायरीवर मावळती समिती नावांचं पॅनेल मांडते, सभागृहातून कुणीही त्यावर हरकत घेऊ शकतो, दुसरं नाव सुचवू शकतो, आणि नावं जास्त झाली की गुप्त मतदान. प्रत्यक्षात पॅनेलच येतं बहुतेक वेळा, ते सोडा. राज्यांना प्रतिनिधी देताना नुसती सभासदसंख्या बघत नाहीत, तिथल्या चळवळीचं बळही बघतात. तुम्ही ते करू नका. बळ मोजायला बसलात तर दिवाळी येईल.

पाम_बीच

तीनहातनाका, तुम्ही नियमावली लिहाल हो, पण ती पोचवाल का? नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम २९अ खाली असते. महत्त्वाचा बदल झाला की आयोगाला विनाविलंब कळवायचा, हे त्याच कलमात आहे. ठाण्यात राहून हे सांगावं लागू नये. शिवसेना कुणाची या वादात १० जानेवारी २०२४ला विधानसभाध्यक्षांनी १९९९ची घटना ग्राह्य धरली, कारण २०१८ची दुरुस्ती आयोगाच्या नोंदीवर नव्हती. निकाल बरोबर की चूक यावर इथं शंभर धागे झालेत, एकशे एकावा नको. पण टपाल खर्च वाचवू नका.

आणि स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाकडची नोंदणी वेगळी. २०१६ मध्ये तिथं हिशेब आणि विवरणपत्रं न दिल्याबद्दल १९१ पक्षांची नोंदणी रद्द झाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय आयोगाने ३३४ पक्ष यादीतून काढले, सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवल्याबद्दल. तुमचे तीन उमेदवार पडले असतील, पण निदान लढलेत.

कोऱ्या फॉर्मबद्दल वाचून अंगावर काटा आला. सही एकाने करायची आणि नाव दुसऱ्याने जिन्यात भरायचं, मग निवड मंडळ कशाला हवं? नाव भरल्याशिवाय सही नाही, हा पहिला नियम लिहा. सही शाईचीच लागते, शिक्का किंवा छापील सही चालत नाही. म्हणजे सही करणारा माणूस शेवटचे चार दिवस ठाण्यातच हवा. दादरला बसून ठाण्याची तिकिटं वाटणं मोठ्या पक्षांना परवडतं.

कोपरी_पूल

२१२ सभासद आणि निवड मंडळ! आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणीदारांची यादी याहून मोठी आहे.

तीनहातनाका

कोपरी_पूल, तुमच्या मंडळात भांडणं होत नाहीत का?

कोपरी_पूल

होतात ना. म्हणून तर सांगतो. आमच्याकडे खजिनदार निवडताना नवीन वर्गणीदाराला पहिल्या वर्षी मत नाही. नियम कुणी लिहिला माहीत नाही, पण १९९० च्या आसपास अशाच पावत्या फाटल्या होत्या म्हणे.

आनंदवन_रोड

मूळचा वर्ध्याचा, आता ऐरोलीत. उमेदवार मतदानाने ठरवायचा प्रयोग मी जवळून बघितलाय. २०१४च्या लोकसभेला काँग्रेसने काही मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवले होते. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. दोन्हीकडे उमेदवार रीतसर निवडून आला, आणि दोन्हीकडे मुख्य निवडणूक पडला. तेव्हा लाट होती, त्यामुळे दोष पद्धतीचा असं म्हणणार नाही. पण एक बघितलं. चहाच्या टपरीवर उमेदवाराबद्दल कोणी बोलतच नव्हतं, मतदारयादीत कोणाची माणसं किती यावरच सगळी चर्चा. २०२२ला अध्यक्षपदाला खर्गे ७८९७ आणि थरूर १०७२ अशी मतं पडली, तेव्हाही थरूर यांची तक्रार प्रतिनिधींच्या अपुऱ्या यादीबद्दलच होती. मोठ्या घरातही पोकळ वासा तोच.

माझा सल्ला असा की इच्छुकांची कागदपत्रं मतदानाच्या आधी तपासा, नंतर नको. राखीव जागा असेल तर जात पडताळणी. १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं अपत्य. पालिकेची थकबाकी. अनधिकृत बांधकाम (ठाण्यात ही अट लावली की अर्धे इच्छुक गळतात, मजेत घ्या). मतदान घेऊन, गुलाल उधळून, मग छाननीत अर्ज बाद झाला तर दुसऱ्या नंबरवालीचे पाय धरावे लागतात.

हिशेबनीस

मतपत्रिकेवर 'यापैकी कुणी नको' हाही पर्याय ठेवा, एकच इच्छुक असला तरी. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवलंय की स्थानिक निवडणुकीत 'नोटा'ला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. आयोगाला सुचलं ते आपल्याला सुचायला हरकत नाही. छोट्या पक्षात एकच माणूस हात वर करतो आणि बाकीचे भिडेखातर गप्प बसतात. मग प्रचाराला कुणी फिरकत नाही.

तीनहातनाका

सगळ्यांचे मनापासून आभार, कोपरी_पूल तुमचेही.

काल रात्री मसुदा लिहिला. मत द्यायला खात्यात स्वतः भरलेली वर्गणी आणि सहा महिने. वाटणी हिशेबनीस यांच्या पद्धतीने, आणि आकडेमोड करायला वागळे व कळव्याचे प्रत्येकी एक. प्रतिनिधींचं मतदान गुप्त. उमेदवारीसाठी आधी कागद, मग त्या प्रभागातल्या सभासदांचं मतदान, 'यापैकी कुणी नको' धरून, मग निवड मंडळ. मंडळाला निकाल फिरवायचा असेल तर सातपैकी पाच मतं आणि कारण लेखी. एबी फॉर्मवर पहिल्या आणि पर्यायी दोन्ही उमेदवारांची नावं सहीच्या आधी. पाम_बीच, पर्यायीचा रकाना असतो हे मला तुमचा प्रतिसाद वाचून फॉर्म पुन्हा काढल्यावर दिसलं. डिसेंबरात तोही कोराच गेला होता.

घोडबंदरच्या विभागप्रमुखांना मसुदा पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, "खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नका." आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नाहीये. अधिवेशन जाहीर झालंय, घटनेत तारीख नाही, आणि सहा महिन्यांचा नियम मी आज लिहितोय तो नेमका त्यांच्याच माणसांना लागतोय.

म्हणून आज दुपारी पावती पुस्तक घेऊन बसलो आणि फोन लावायला सुरुवात केली. दहा लावले. तीन नंबर बंद. दोघींनी उचललाच नाही. चौघींना पक्ष माहीत होता, त्यातल्या एका काकूंनी मला पाणीप्रश्नावर वीस मिनिटं ऐकवलं आणि पुढची बैठक कधी ते विचारलं. दहावीने विचारलं, "पाइप गॅसचं मीटर बघायला कधी येताय?"

बावीस राहिलेत. त्या चौघींना मत नाकारायचं कसं, आणि मीटरवाल्या ताईंना द्यायचं कसं? हा नियम या अधिवेशनापासून लावावा की पुढच्या? रविवारी बैठक आहे, त्याआधी कुणी सांगितलंत तर बरं होईल.