हरलेला उमेदवार नियमांत उरतो

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या लढतीत बर्नी सँडर्स हरले आणि मागे फक्त घोषणा उरल्या, असं म्हटलं जातं. हे मत अपुरं आहे. खरा प्रभाव शोधायचा तर पक्षाच्या नियमावलीत शोधावा. जेसी जॅक्सन 1988 मध्ये याच उमेदवारीसाठी मायकेल डुकाकिसकडून हरले, पण हाताशी सुमारे 1,200 प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात मत देऊन उमेदवार ठरवणारे) होते. पाठिंब्याच्या वाटाघाटीत त्यांनी राज्यातल्या मतांच्या प्रमाणातच प्रतिनिधी वाटायचे, हे मान्य करून घेतलं. त्याआधी काही राज्यांत पहिल्या उमेदवाराला घसघशीत जादा वाटा मिळे. (त्यांचे अधिवेशन व्यवस्थापक रॉन ब्राऊन पुढच्याच वर्षी पक्षाध्यक्ष झाले, हाही योगायोग नव्हे.)

फळ मिळालं ओबामांना. 2008 मध्ये त्यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सी जिंकूनही आघाडी मिळाली 11 प्रतिनिधींची. ओबामांनी चिमुकल्या आयडाहोत 12 ची घेतली. जुन्या पद्धतीत कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कनेच हिलरींच्या बाजूने निकाल लावला असता.

सँडर्सचंही तेच: त्यांच्या आग्रहामुळे 2018 पासून सुपरडेलिगेटना (मतदारांच्या कौलाला बांधील नसलेले, पदामुळे प्रतिनिधी असलेले पक्षनेते) चुरशीच्या लढतीत अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत मत नाही. मात्र किमान 15 टक्के मतांची अट कायम आहे. त्याखाली राहिलेल्याला एकही प्रतिनिधी नाही, म्हणजे सौदा करायला हातात काहीच नाही. शिवाय सौदा अधिवेशनाआधीच व्हावा लागतो. नंतर कोण विचारतो?