‘इम्यून टॉलरन्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

गर्भातल्या बाळाला दात्याच्या मूलपेशी देण्याच्या उपचारावर पालकांसाठी मराठी माहितीपत्रक करते आहे. ‘इम्यून टॉलरन्स’ला, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने विशिष्ट पेशींवर हल्ला न करण्याला, सहनशीलता, सहिष्णुता, सह्यता असे तिन्ही शब्द वापरलेले दिसतात. ‘गर्भावस्थेत सहनशीलता निर्माण झाल्यास दात्याच्या पेशी टिकतात’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला नेमके काय कळेल? ‘एन्ग्राफ्टमेंट’ला, म्हणजे दिलेल्या पेशी शरीरात टिकून वाढू लागण्याला, ‘रुजणे’ चालेल का? आणि एकाच शरीरात दोघांच्या पेशी असण्याला जे ‘कायमेरिझम’ म्हणतात, त्याचे काय करायचे?

प्रतिसाद

सहनशीलता तर मुळीच नको. त्यात सोसणे आले, त्रास आला, आणि कधीतरी ती संपणेही आले. इथे शरीर काहीही सोसत नसते. टी-पेशी, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, छातीतल्या थायमस ग्रंथीमध्ये तयार होतात आणि त्यांतल्या ज्या स्वतःच्याच शरीरावर जोरात उलटू पाहतात, त्या बहुतेक तिथेच संपवल्या जातात. ही निवड सुरू असतानाच दात्याच्या पेशी थायमसपर्यंत पोचल्या तर त्यांच्यावर उलटणाऱ्या टी-पेशीही त्याच चाळणीत गळतात. शरीराच्या लेखी त्या पेशी मग घरच्याच.

ही कल्पना गाईंवरून सुचली. गाईला जुळी वासरे होतात तेव्हा बहुधा दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. अशा जुळ्यांच्या, अगदी भिन्नबीज जुळ्यांच्याही, अंगात एकमेकांच्या तांबड्या पेशी आढळतात आणि त्या मोठेपणीही टिकून राहतात, हे रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवले. ते वाचून ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बर्नेट यांनी मांडले की ‘आपले कोण’ हे शरीर जन्मापूर्वी शिकत असावे. १९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावार यांनी उंदरांच्या गर्भांत दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या. त्यांतल्या काही उंदरांनी मोठेपणी त्याच वाणाच्या उंदराची त्वचा स्वीकारली. बर्नेट आणि मेडावार यांना १९६० चे नोबेल मिळाले, ओवेन यांना नाही. माझ्या मते हा अन्यायच.

प्रतिसाद

वरचे बरोबर, पण ‘घरच्याच’ हे अर्धेच झाले. थायमसची चाळणी काही शंभर टक्के नसते. परक्याला ओळखणाऱ्या काही टी-पेशी निसटतात. त्यांना आवरायला नियामक टी-पेशी लागतात. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल याच परिघीय, म्हणजे थायमसबाहेरच्या, टॉलरन्सच्या शोधांना मिळाले. म्हणजे ओळख आहे, तरी हल्ला नाही. सहिष्णुता म्हणजे दुसरे काय? दुसरा दुसराच आहे हे ठाऊक असताना त्याला राहू देणे. माझे मत सहिष्णुतेला.

प्रतिसाद

सह्यतेबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून व्याकरणापुरते लिहितो. ‘सह्य’ म्हणजे सहन करता येण्याजोगे. ऊन सह्य असते, ते सोसणारा माणूस सह्य नसतो. म्हणून सह्यता हा रोपलेल्या पेशींचा गुण होतो, शरीराचा नव्हे. ‘बाळाच्या शरीराची सह्यता’ ही रचनाच उलटी आहे.

हा केवळ शब्दच्छल नाही. मेडावार यांच्या चमूने नेमका हाच प्रश्न तपासला होता: बदल झाला तो कलमात, म्हणजे रोपलेल्या त्वचेत, की उंदरात? त्वचा नीट टिकलेल्या उंदराला त्यांनी त्याच्याच वाणाच्या दुसऱ्या उंदराच्या लसीका ग्रंथींतल्या पेशी दिल्या. हा दुसरा उंदीर त्या परक्या त्वचेविरुद्ध आधीच तयार झालेला होता. इतके दिवस सुखाने राहिलेली त्वचा मग नष्ट झाली. त्वचा पहिल्याइतकीच परकी होती, बदलले होते ते यजमान शरीर. तेव्हा सह्यता बाद.

प्रतिसाद

मी वैद्यकीय बाजूची आहे. शब्द कोणताही घ्या, पण तो मोकळा सोडू नका, ‘कशाविषयी’ हे सोबत हवेच. नुसते ‘बाळात सहिष्णुता निर्माण होते’ म्हटले की पालक धास्तावून विचारतात, मग जंतूंनाही ते सहन करणार का? नाही. त्या १९५३ च्या उंदरांनीही तिसऱ्या वाणाची त्वचा नेहमीसारखी नाकारली होती. प्रतिकारशक्ती शाबूत राहते, फक्त त्या एका दात्यापुरती ती गप्प असते.

माहितीपत्रकात आईचाही उल्लेख हवा. गर्भ जर इतका शिकाऊ, तर पेशी रुजत का नाहीत, हे कोडे बराच काळ होते. माणसात ठळक यश आले ते ज्यांच्या टी-पेशीच घडत नाहीत अशा तीव्र संयुक्त प्रतिकारन्यूनतेच्या गर्भांत, कारण तिथे विरोधच नव्हता. पुढे उंदरांवरच्या कामातून दिसले की आईच्या टी-पेशी आणि प्रतिपिंडे आड येऊ शकतात. आई स्वतःच दाता झाली तर तिचे शरीर स्वतःच्या पेशींवर उलटत नाही. शिवाय तिच्या थोड्या पेशी गर्भात एरवीही जात असतात आणि गर्भाने त्यांच्याशी जमवून घेतलेले असते. अल्फा थॅलॅसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तीव्र प्रकारात गर्भाला नाळेतून रक्त द्यावेच लागते. त्याच वेळी आईच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी देण्याची पहिल्या टप्प्याची चाचणी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हाती घेण्यात आली.

‘रुजणे’ उत्तम. ‘कायमेरिझम’ला नाम शोधत बसू नका, ‘दात्याच्या पेशी बाळाच्या पेशींसोबत नांदतात’ असे क्रियापदाने सांगा. प्रमाणही सांगा. उंदरांत साधारण एक टक्का दात्याच्या पेशी टिकल्या तरी सहिष्णुता येते, पण तेवढ्याने रक्ताचा आजार बरा होत नाही. म्हणून जन्मानंतर त्याच दात्याच्या पेशी सौम्य पूर्वतयारीने, म्हणजे नव्या पेशींना जागा करणाऱ्या सौम्य औषधोपचारानंतर, पुन्हा देण्याची कल्पना आहे.

प्रश्नकर्ती

मग वाक्य असे करते: ‘दात्याच्या पेशी गर्भात रुजल्या, तर बाळाची प्रतिकारयंत्रणा त्या दात्याच्या पेशींविषयी सहिष्णु होऊ शकते, इतर परक्या पेशींना आणि जंतूंना ती विरोध करतच राहते.’ थायमसला ‘यौवनलोपी ग्रंथी’ लिहू का?

प्रतिसाद

वाक्य चांगले आहे, फक्त ‘होऊ शकते’ कोणी संपादनात ‘होते’ करणार नाही एवढे पाहा. यौवनलोपी मात्र नको. शब्द अर्थाला धरून आहे, ती ग्रंथी वयात आल्यावर आक्रसत जाते. पण पोटातल्या बाळाच्या पत्रकात ‘लोप’ वाचून पालक तिथेच अडकतील. थायमसच ठेवा.